घाटावरच्या पाण्याची नोंद

नागपूरहून गोंदियामार्गे उत्तरेकडे निघालेला प्रवासी वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीचा सपाट मुलूख ओलांडून बालाघाट शहरापाशी पोचतो आणि तेथून बैहरच्या रस्त्याला लागतो, तेव्हा थोड्याच वेळात तो रस्ता सातपुड्याच्या मैकल रांगेतील घाट चढू लागतो, दोहों बाजूंना वनराई दाट होत जाते, आणि ज्या प्रदेशाविषयी हा लेख लिहावयाचा आहे तो घाटावरचा मुलूख समोर उलगडतो. या घाटाने एका जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना वाटून दिले आहे. घाटाखाली पडलेला पाऊस बाघ, बावनथडी इत्यादी उपनद्यांच्या वाटेने वैनगंगेला आणि पुढे गोदावरीला मिळतो. घाटावर पडलेल्या पावसाचा फार मोठा भाग बंजर आणि हालोन यांच्या पात्रांतून नर्मदेकडे जातो. वर्षाकाठी सरासरी चौदाशे-पंधराशे मिलिमीटर पाऊस येथे पडतो, जिल्ह्याचे निम्म्याहून अधिक क्षेत्र अरण्याने व्यापलेले आहे, आणि येथे पिकणाऱ्या सुवासिक चिन्नोर तांदळास 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले आहे. ज्या भूमीवर सृष्टीने इतका अनुग्रह केला, तेथे चैत्र-वैशाखात डोंगरमाथ्यावरच्या टोल्यांतील, म्हणजे लहान सुट्या वस्त्यांतील, स्त्रिया ओढ्याच्या वाळूत हाताने झिरा उकरून, वाटीवाटीने गढूळ पाणी गुंडीत भरीत बसतात, ही गोष्ट निसर्गाच्या कृपणतेने उलगडत नाही. तिचे कारण माणसांच्या व्यवहारात शोधावे लागते.

भूगर्भाचा यात काही अंश आहे, तो आधी सांगून टाकणे न्याय्य होईल. घाटावरचा खडक बहुतांशी प्राचीन, कठीण आणि स्फटिकमय आहे; वाळूच्या थरांप्रमाणे तो पाणी आपल्या पोटात साठवीत नाही, तर केवळ भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरुमातून थोडेफार धरून ठेवतो. त्यामुळे आषाढ-श्रावणात ज्या ओढ्याला उतार मिळत नाही, तो माघ-फाल्गुनात कोरडा पडतो, आणि दोन शेतांच्या अंतरावरील दोन विहिरींपैकी एकीला भेग लागलेली असल्याने पाणी राहते तर दुसरी खडखडीत असते. परंतु खडकाचा हा स्वभाव घाटावर जसा आहे, थोड्याफार फरकाने तसाच पूर्व विदर्भाच्या मोठ्या भागात आहे, आणि तेथील लोकांनी शेकडो तलाव व बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधून त्यावर उपायही योजला होता. घाटाखालच्या शेतीला तर वैनगंगेवरील धुटीच्या बंधाऱ्याचे कालवे इंग्रजी अमदानीपासून पाणी देत आले आहेत. कालव्याचे पाणी उताराने वाहते, घाट चढत नाही. आणि शासकीय द्रव्याचा ओघही बहुधा त्याच नियमाने उताराकडे, म्हणजे आधीच सुस्थित असलेल्या गावांकडे, वळत आला आहे.

हा भेद केवळ घाटावर आणि घाटाखाली एवढाच नाही. घाटावरच्या एका महसुली गावात मुख्य वस्ती असते आणि तिच्यापासून कोस-अर्धा कोस अंतरावर, कधी नाल्याच्या पलीकडे तर कधी टेकडीच्या खांद्यावर, चार-दोन टोले विखुरलेले असतात. शाळा, पंचायतीची इमारत, पक्का रस्ता आणि नळयोजनेची टाकी ही मुख्य वस्तीत येतात. टोल्यांत गोंड आणि बैगा कुटुंबे राहतात, आणि तेथवर नळ पोचेपर्यंत योजनेची मुदत, कंत्राटदाराचा उत्साह किंवा विजेचा दाब यांपैकी काहीतरी संपलेले असते. 15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरात दरडोई दररोज 55 लिटर शुद्ध पाणी 2024 पर्यंत नळाने देण्याचा संकल्प केला होता. पुढे या मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढविण्यात आली. संकल्प मोठा आहे, त्याने पुष्कळ घरांची वणवण थांबविली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि घराच्या भिंतीला तोटी बसली म्हणजे दप्तरी त्या घराला पाणी मिळाले असे जे गृहीत धरले जाते, त्यात मे महिन्यात विहीर आटल्यावर त्या तोटीतून काय येते याची नोंद करण्यास रकाना नसतो.

2011 च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या 17 लाखांच्या वर होती आणि दर हजार पुरुषांमागे 1021 स्त्रिया, हे प्रमाण मध्य प्रदेशातील सर्व जिल्ह्यांत अधिक होते. अभिमानाने सांगण्याजोगा हा आकडा आहे, आणि याच जिल्ह्यात पाणी आणण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांच्या डोक्यावर आहे. पहाटे झिऱ्यावर पाझरलेले पाणी पहिल्या दोन-तीन घरांना पुरते; नंतर येणारीने थांबावे, पुन्हा पाझरण्याची वाट पाहावी, आणि तोवर मोहफुले वेचण्याची वेळ टळून गेलेली असते. पाण्याची विषमता लिटरांत मोजण्याची आपणास सवय झाली आहे. ती वेळेत मोजली तर तिचे खरे स्वरूप अधिक स्पष्ट दिसेल, कारण या घरांतील मुलीची शाळा आणि आईची मजुरी ही दोन्ही त्याच वेळेतून कापली जातात.

आता थोडे इतिहासाकडे वळले पाहिजे. बालाघाट जिल्हा 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती, आणि त्याच्या महसुली व्यवहाराची परिभाषा भंडाऱ्याच्या जुन्या दप्तरांत वावरलेल्या मराठी माणसाला आजही परकी वाटू नये. मध्य प्रांतांत जमिनीचा बंदोबस्त करताना प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज तयार केला जात असे. त्यात गावच्या वहिवाटी लिहिल्या जात: कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या शेताने आधी घ्यावे, मासे कोणी धरावेत, गुरांनी कोठे पाणी प्यावे, पाणवठ्याची वाट कोणाच्या शेतातून जावी. निस्तार हा शब्द तर या मुलखाच्या जिभेवर आजही आहे; सरपण, चराई, माती, दगड आणि पाणी यांवरील रयतेच्या रोजच्या गरजेचा जो हक्क, तो निस्तार. 1959 च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेतही कलम 234 मध्ये निस्तार-पत्रक आणि कलम 242 मध्ये वाजिब-उल-अर्ज यांची तजवीज कायम ठेवलेली आहे. पाण्यावर गरिबाचा हक्क असावा ही कल्पना परदेशातून आलेल्या एखाद्या जाहीरनाम्यातून आपण शिकलो नाही. पटवाऱ्याच्या बस्त्यात ती पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवलेली होती.

ती व्यवस्था आदर्श होती असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकाच्या, अंमलात तलावाची देखभाल होत असे, कारण तलाव फुटला तर त्याचाच धारा बुडत असे. परंतु पाण्याच्या वाट्याचा निवाडाही त्याच्याच ओसरीवर होई. वहिवाट लिहिताना ज्याचा आवाज मोठा त्याची वहिवाट लिहिली गेली, आणि ज्यांना गावच्या विहिरीची पायरी चढण्याचीच मुभा नव्हती त्यांची बंदीही वहिवाट म्हणूनच चालत राहिली. मराठी वाचकाला हे सांगण्याची आवश्यकता नाही. जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना 1868 मध्ये खुला केला. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे असल्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने दुसऱ्याच वर्षी तो स्वीकारला, आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पुढे जो दावा चालला त्यात विरोधकांचा सारा भर पूर्वापार वहिवाटीवर होता, आणि ती वहिवाट शाबीत होत नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 1937 मध्ये दिला. या प्रकरणाचे बालाघाटशी नाते असे की हक्क कागदावर असणे पुरेसे नसते, पण कागदावर कोणाचा हक्क कोणत्या शब्दांत उतरला आहे यावर पुढच्या पिढ्यांचे पाणी अवलंबून राहते.

मालगुजारी नष्ट करणारा कायदा 1950 मध्ये झाला आणि 31 मार्च 1951 पासून अमलात आला. तलाव शासनाकडे निहित झाले; संहितेच्या कलम 251 ने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि लोकांचा निस्तार शाबूत ठेवला. पण मालगुजार गेला आणि त्याच्याबरोबर पाळीची डागडुजी करून घेणारा, गाळ काढविणारा धाक गेला. त्याच्या जागी जे खाते आले त्याच्या अखत्यारीत इतके तलाव होते की त्यातला कोणताही एक त्याला आपला वाटला नाही. गावाला हक्क उरला, कर्तव्याची व्यवस्था उरली नाही. अनेक बोड्या गाळाने भरून शेतांत मिसळून गेल्या, आणि जेथे तलाव होता तेथे पुढे शासनाने हातपंप दिला.

हातपंपाविषयी लिहिताना शेजारच्या मंडला जिल्ह्यातील तिलाईपानी या गावाचे उदाहरण टाळता येत नाही. उघड्या विहिरींतील रोगजंतूंपासून सुटका व्हावी या सद्हेतूने खोल खडकातून पाणी काढण्यात आले. त्या खडकातील फ्लोराइड पाण्यात उतरलेले होते, आणि काही वर्षांत गावातील लहान मुलांचे पाय गुडघ्यांतून वाकू लागले. पाणी स्वच्छ दिसत होते, गार होते, चवीलाही बरे होते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि अन्य सोय नसल्यास फार तर 1.5 पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. पण मानक दिल्लीत होते आणि पंप तिलाईपानीत. जबलपूरच्या वैद्यक संशोधकांनी येऊन पाणी तपासीपर्यंत आईबापांनी हा दोष दैवाचा मानला. दूषित पाण्याचा हा प्रकार सर्वांत निर्दय आहे, कारण तो डोळ्यांना, नाकाला आणि जिभेला, म्हणजे गरिबाजवळ असलेल्या परीक्षेच्या सर्व साधनांना, चकवितो.

येथवर आपण पाणी कमी असण्याविषयी आणि भूगर्भातूनच दूषित येण्याविषयी बोललो. घाटावरचा तिसरा प्रश्न मनुष्यनिर्मित आहे. तो मलाजखंडचा.

बैहरच्या पुढे, आजच्या बिरसा तहसिलीत मलाजखंड येथे तांब्याचे देशातील सर्वांत मोठे ज्ञात साठे आहेत. हिंदुस्तान कॉपर लिमिटेड या शासकीय कंपनीने 1982 मध्ये येथे उघड्या खाणीतून उत्पादन सुरू केले, आणि वर्षाला सुमारे 20 लाख टन दगड काढण्याच्या क्षमतेने योजलेल्या त्या खाणीने एका टेकडीच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचे प्रचंड विवर निर्माण केले. आता त्या विवराच्याही खाली भूमिगत उत्खननाचे काम चालले आहे. येथील दगडात तांबे शेकडा एकाच्या आसपास असते. म्हणजे शंभर टन दगड फोडावा, त्याचे पिठाइतके बारीक चूर्ण करावे, पाण्यात घोळवून फेसाबरोबर तांब्याचा अंश वर काढावा, आणि उरलेले जवळजवळ सारे चूर्ण पाण्यासह एका विस्तीर्ण बांधात सोडावे, अशी ही प्रक्रिया आहे. तेथे त्या बांधाला टेलिंग डॅम म्हणतात. तांब्याचे सांद्र परप्रांती भट्ट्यांकडे जाते, तेथून त्याची तार होऊन ती शहरांच्या घराघरांत पोचते. चूर्ण मात्र जेथे टाकले तेथेच राहते.

हे चूर्ण निरुपद्रवी असते तर कोणाची तक्रार नव्हती. परंतु तांब्याच्या या खडकात लोह आणि गंधक यांची संयुगे मिसळलेली असतात. भूगर्भात हवेपासून दूर ती लक्षावधी वर्षे स्वस्थ पडून होती. ती फोडून उघड्यावर टाकली की प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगाने त्यांतून गंधकाम्ल निर्माण होऊ लागते, आणि त्या आम्लातच सुखाने वाढणारे काही सूक्ष्मजीव ही क्रिया अनेक पटींनी वेगवान करतात. आम्ल झिरपत जाते आणि वाटेतील दगडांमधून तांबे, लोह, मँगनीज अशा धातूंना विरघळवून आपल्याबरोबर नेते. शास्त्रज्ञ पाण्याची आम्लता सामू या अंकाने मोजतात; पिण्याच्या पाण्याचा सामू 6.5 ते 8.5 या मर्यादेत असावा असे मानक आहे, आणि हा अंक एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. मलाजखंडच्या खाणीतून येणाऱ्या विषारी पाण्यासंबंधी 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झालेला आहे. तेव्हा ही शंका काही कुणा चळवळ्याच्या मनातून उपजलेली नाही. या परिसराचे ओढे बंजर नदीकडे वाहतात, बंजर कान्हाच्या राष्ट्रीय उद्यानाला बिलगून पुढे मंडल्यापाशी नर्मदेला मिळते.

आम्लयुक्त पाण्यावर उपाय आहे: त्यात चुना मिसळून आम्ल मारता येते आणि धातू गाळाच्या रूपाने खाली बसविता येतात. पण पाऊस जेथे साडेतीन महिन्यांत कोसळतो तेथे खाणीच्या आणि राडारोड्याच्या ढिगांवरून वाहणारे प्रत्येक पाणी अडवून चुन्याच्या कुंडापर्यंत आणणे ही बाब सोपी नाही. माणसासाठी तांब्याची मर्यादा मानकाने लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम ठेवली आहे व निरुपायाने 1.5 पर्यंत सूट दिली आहे. परंतु मासे याहून पुष्कळच कमी तांब्याने मरतात. त्यामुळे ज्याला आपण पिण्यायोग्य म्हणू असे पाणीदेखील ओढ्याला निर्जीव करू शकते, आणि ओढ्यातले मासे, खेकडे, शिंपले हा घाटावरच्या गोंड-बैगा घराच्या थाळीचा भाग आहे ही गोष्ट कोणत्याच मानकात लिहिलेली नाही.

घाटाखाली, बालाघाट शहराच्या अगदी जवळ, भरवेली येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. तिच्याइतकी खोल मँगनीजची खाण आशियात दुसरी नाही असे सांगतात. हा व्यवसाय 1896 मध्ये इंग्रज भांडवलावर उभ्या राहिलेल्या संस्थेपासून चालत आला आणि 1962 पासून मॉयल या कंपनीकडे आहे. उकवा, तिरोडी ही जिल्ह्यातील दुसरी ठाणी, आणि हाच पट्टा पुढे भंडारा-नागपूरपर्यंत येतो. भूमिगत खाणीत अहोरात्र पाणी उपसावे लागते, कारण तिचा तळ आसमंतातील कोणत्याही विहिरीच्या तळाहून खोल असतो आणि भेगांतले पाणी तिकडे ओढ घेते. मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्थेवर होणारा विकार वैद्यकाला 1837 पासून, स्कॉटलंडमधील एका कारखान्यातील मजुरांच्या निरीक्षणापासून, ज्ञात आहे. पाण्यातील मँगनीजची मर्यादा आपल्या मानकाने 0.1, आणि निरुपायाने 0.3 मिलिग्रॅम ठरविली आहे. पोलादाला मँगनीज लागते आणि राष्ट्राला पोलाद; खाणी बंद करा असे मी म्हणत नाही. या खाणींनी हजारो घरांना नियमित पगार दिला, इस्पितळे आणि शाळा दिल्या. माझे म्हणणे निराळे आहे, आणि ते दप्तराविषयी आहे.

खाणीच्या पट्ट्याचे दप्तर पाहावे. हद्दीच्या प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश, वर्षाला काढावयाच्या दगडाचे टन, त्यातील धातूची टक्केवारी, शासनाला द्यावयाचे स्वामित्वशुल्क, पट्ट्याची मुदत, हे सारे तेथे बिनचूक लिहिलेले असते, आणि त्यातील एका आकड्यावरून उच्च न्यायालयापर्यंत दावे चालतात. आता त्याच हद्दीलगतच्या टोल्याचे दप्तर पाहावे. खाण सुरू होण्यापूर्वी त्याच्या विहिरीला कितपत पाणी होते, ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, त्या पाण्यात काय होते आणि काय नव्हते, यांपैकी काहीही कोठे लिहिलेले नसते. म्हणून जेव्हा टोल्यातला माणूस पाणी बिघडल्याचा अर्ज घेऊन तहसिलीत जातो, तेव्हा पूर्वी ते चांगले होते हे शाबीत करण्याचा भार त्याच्यावरच येऊन पडतो, आणि त्याच्यापाशी स्मरणाखेरीज पुरावा नसतो. एका पक्षाजवळ मोजणी आहे, दुसऱ्याजवळ आठवण आहे. न्यायासनापुढे या दोहोंचे वजन सारखे होत नाही. पाण्याच्या विषमतेचे मूळ मला येथे दिसते.

मलाजखंडला उत्पादन सुरू झाले त्याच 1982 साली अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात वॉरन परगण्यातील रहिवासी मालमोटारींपुढे रस्त्यावर आडवे झाले. रस्त्यांच्या कडेला बेकायदा ओतलेल्या विषारी तेलाने नासलेली माती राज्यशासनाने त्या गरीब आणि कृष्णवर्णीयबहुल परगण्यात पुरण्याचे ठरविले होते. पाचशेंहून अधिक लोकांना अटक झाली आणि माती पुरली गेलीच. पण त्या पराभवातून एक प्रश्न जन्मला, की विषारी कचऱ्याच्या जागा निवडताना वर्ण पाहिला जातो काय. आणि 1987 मध्ये एका ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या आयोगाने देशभरच्या जागांची मोजदाद करून, होय, पाहिला जातो, असे आकड्यांनिशी दाखवून दिले. ज्याला आज पर्यावरणीय न्याय म्हणतात त्या विचाराला बळ आले ते या मोजदादीने.

आपल्याकडे उणीव आहे ती अशा मोजदादीची; कायद्याचा अभाव नाही. 1974 चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आहे. बोकारो नदीत कोळसा धुतल्याचा गाळ सोडला जातो अशा तक्रारीवर 1991 मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ती विशिष्ट याचिका फेटाळली, परंतु प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे हे तत्त्व सांगून ठेवले. जुन्या बैहर तहसिलीचा मुलूख घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो, त्यामुळे अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा तेथे लागू आहे आणि मध्य प्रदेशाने त्याचे नियम 2022 मध्ये केले. मात्र या कायद्यातील एक विसंगती वाचकाने ध्यानात घ्यावी: मुरूम किंवा वाळू यांसारख्या गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते, तांबे आणि मँगनीज गौण खनिजांत मोडत नाहीत, तेव्हा नदीतली वाळू उचलण्यास जे विचारावे लागते ते डोंगर फोडण्यास विचारावे लागत नाही. खाण व खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले. जुन्या पट्टेधारकांनी स्वामित्वशुल्काच्या 30 टक्के एवढी रक्कम त्यात भरावयाची, आणि तिचा मोठा हिस्सा पिण्याचे पाणी, प्रदूषण-निवारण, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या बाबींवर खाणबाधित गावांत खर्च करावयाचा. म्हणजे द्रव्यही आहे. ज्या टोल्याचे पाणी बाधित झाले त्याचे नाव बाधितांच्या यादीत आहे काय, हा प्रश्न मात्र पुन्हा नोंदीपाशी येऊन थांबतो.

बैगांच्या बाबतीत ही नोंद आणखी नाजूक आहे. बालाघाटचा एक जुना इंग्रज अंमलदार ब्लूमफील्ड याने 1885 मध्ये त्यांच्याविषयी टिपणे प्रसिद्ध केली, व्हेरियर एल्विनने 1939 मध्ये त्यांच्यावर बृहद्ग्रंथ लिहिला, आणि शासनाने त्यांना विशेष असुरक्षित जनजातीत गणले. इतके लिखाण ज्यांच्याविषयी झाले त्यांच्या पाणवठ्यांची यादी मात्र झाली नाही. बेवर, म्हणजे जंगल जाळून करावयाची फिरती, शेती बंद झाल्यावर, पुढे कान्हाच्या अरण्यातून वस्त्या उठल्यावर, ही कुटुंबे ज्या उतारांवर येऊन राहिली ते पाण्याच्या दृष्टीने निवडलेले नव्हते. महसुली गावाच्या नकाशात टोला नसेल तर त्याचा निस्तारही पत्रकात नसतो.

नागपूरच्या वाचकाने हे सर्व दूरचे मानू नये. बालाघाटहून खाली येणारी वैनगंगा भंडारा ओलांडून पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणात अडते. त्या जलाशयात कन्हानच्या वाटेने नाग नदीचे, म्हणजे नागपूर शहराच्या सांडपाण्याचे, पाणीही येऊन मिळते. जलपर्णीने झाकलेल्या त्या पाण्यावर कुही-पवनीकडच्या ढिवरांची मासेमारी आणि काठच्या गावांची तहान अवलंबून आहे. वर राहणाऱ्याने आपले सोडून द्यावे आणि खाली राहणाऱ्याने ते प्यावे, हा नियम मलाजखंडला धातूच्या रूपाने चालतो आणि आपल्या घरच्या मोरीपासून दुसऱ्या रूपाने चालतो. येथे वर आपण आहोत.

मग करावे काय? माझ्या मते आरंभ लहान आणि निश्चित गोष्टींपासून होऊ शकतो. जलजीवन मिशनने प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी-परीक्षेचे शिक्षण देण्याची तरतूद केली आहे, आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या पेटीत सामू, फ्लोराइड, लोह, नायट्रेट यांची परीक्षा बसते. तांबे आणि मँगनीज यांसाठी प्रयोगशाळेत जावे लागते हे खरे. परंतु आम्लाची पहिली चाहूल सामूनेच लागते, आणि तो अंक निरक्षर स्त्रीसुद्धा रंग ताडून सांगू शकते. झिरा उकरणाऱ्या स्त्रीच्या हाती ही पेटी असावी, दर पंधरवड्याचा अंक टोल्यानिहाय वहीत उतरावा, त्या वहीची प्रत ग्रामसभेत वाचली जाऊन तहसिलीत दाखल व्हावी, आणि निस्तार-पत्रकात पाणवठ्याच्या नावापुढे जशी वाट आणि वहिवाट लिहितात तशी पाण्याची प्रतही लिहिली जावी. कायद्याला यासाठी नवा शब्द घडवावा लागणार नाही. निस्तार-पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आजही त्याच्या पोटात आहेत. गरज आहे ती टोल्यांना नकाशावर आणण्याची आणि बस्ता सोडणाऱ्या पटवाऱ्याला तशी आज्ञा देण्याची.

आणि मलाजखंडपुरते आणखी एक. आम्ल निर्माण होण्याची जी क्रिया वर सांगितली ती खाणीचा पट्टा संपला म्हणून संपत नाही. स्पेनमधील रिओ टिंटो नदी हजारो वर्षांच्या खाणकामाच्या प्रदेशातून आजही तांबडी आणि आम्लमय वाहते. 2017 च्या खनिज-संधारण नियमांप्रमाणे खाण बंद करण्याची अंतिम योजना दोन वर्षे आधी सादर करावी लागते. मलाजखंडचे भूमिगत काम अद्याप पुष्कळ वर्षे चालेल. पण त्या टेलिंग डॅममधून झिरपणाऱ्या पाण्यात नंतर चुना कोणी घालावयाचा, किती वर्षे, कोणाच्या खर्चाने, आणि तो घातला जातो की नाही हे तपासून लिहिण्याचा अधिकार बंजरच्या काठच्या कोणत्या ग्रामसभेला राहील, हे कंपनी सधन असताना आणि पट्टा चालू असतानाच त्या योजनेत नावानिशी आणि रकमेनिशी लिहून घेतले पाहिजे.